धोट्याची पूर्ण दुरुस्ती

ह्यांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी कणीक मळत असताना ह्यांचा टॅब वाजला. दोन आठवडे त्याला कुणी हात लावला नव्हता. चार्जिंगला तेवढा लावलेला होता, बहुतेक सानिकानं, सवयीनं. मी पिठाच्या बोटानंच उघडला. पडद्यावर आलं, 'धोटा आठव्या पेठेत पोचला. चाळीस गाठी सूत उतरवलं. परतीचा माल भरायचा का?'

माणूस गेला, आणि त्याचं जहाज आपलं माल पोचवतंय! मी तिथंच खाली बसले आणि तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढी रडले. सानिका आतून धावत आली. तिला वाटलं कुकर उडाला.

नीट सांगते, नाहीतर म्हणाल बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आमचे हे, शिवानंद कोष्टी, इचलकरंजीत तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. पुढं शेडमालकानं सगळे माग भंगारात काढले आणि हवेच्या झोतावर चालणारे नवे आणले. ते स्वतःच स्वतःचा बिघाड कंपनीला कळवतात, त्यांना जॉबर लागत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी हे घरी बसले. घरी कसले, शेडसमोरच्या कट्ट्यावर. तेरा महिने रोज डबा घेऊन जायचे, कट्ट्यावर बसून खायचे, आणि पाच वाजता परत यायचे. मी आपली डबा भरून द्यायची. काय बोलणार?

सानिका तेव्हा कॉलेजात होती. तिनं एक दिवस ह्यांच्या टॅबवर 'नक्षत्रपेठ' घालून दिली. खेळच तो, पण मारामारी नाही, गोळीबार नाही, नुसता व्यापार. ग्रहाग्रहांवर पेठा, आपलं एक जहाज, इथला माल तिथं न्यायचा, तिथला इथं आणायचा. ह्यांनी जहाजाचं नाव ठेवलं 'धोटा'. जुन्या मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. आणि माल कुठला? सूत! बर्फात चौपट नफा, औषधात दसपट, पण नाही. मी म्हणायची, "अहो, आकाशात जाऊन पण सूतच वाहताय होय?" तर म्हणायचे, "माणसं असतील तिथं कापड लागणारच की गं." नऊ वर्षं ते सूत वाहत राहिले. कट्टा सुटला, रंग परत आला चेहऱ्यावर. मी त्या खेळाचे पाय धरायला तयार होते.

फक्त एक गोष्ट त्या खेळात वाईट होती. दुरुस्ती. बाकीच्या खेळांत जहाज आपटलं की एक आकडा कमी होतो आणि थोडी नाणी टाकली की परत वाढतो. इथं तसं नव्हतं. सानिकानं मला समजावलं होतं : तार एकदा वाकवली तर काही होत नाही, पण वीसदा वाकवली तर तुटते, कारण आत धातू थकलेला असतो. नक्षत्रपेठेत प्रत्येक जहाजाचा प्रत्येक पत्रा असा थकतो. कुठं बारीक भेग पडली, ती कुठवर सरकली, सगळा हिशेब खेळाच्या कंपनीचे संगणक खऱ्या धातूसारखा करतात. जहाज जितकं जुनं, तितक्या भेगा जास्त, आणि त्या पुसायच्या तर एकेक शोधून सगळं गणित नव्यानं मांडावं लागतं. म्हणून जुन्या जहाजाची पूर्ण दुरुस्ती चार नव्या जहाजांच्या किमतीत पडायची. आणि कंपनीला तर नवी जहाजं खपवायचीच होती. त्यामुळं सगळी दुनिया दोन-तीन वर्षांत जहाज भंगारात टाकून नवं घ्यायची. आमचे हे सोडून.

ह्यांनी आयुष्यात कधी कुठली गोष्ट टाकली नाही, आणि कुठली दुरुस्ती पुरी केली नाही. जॉबरची खोडच ती. मागाचा भाग झिजला की बदलायचा नाही, खाली चामड्याचा तुकडा सारायचा. त्याला ते पॅकिंग म्हणतात. मालकाचे पैसे वाचतात, माग चालू राहतो. पण घरात पण तेच! कुकरच्या दांड्याला तार, मिक्सरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि बैठकीतला पंखा काठीनं ढोसल्याशिवाय फिरायचा नाही. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी जेवढी भांडले, तेवढी ह्याच एका गोष्टीवरून. "एक तरी वस्तू धड करा हो," मी म्हणायची. "चालतंय न्हवं?" हे म्हणायचे.

धोट्याचं तसंच. पहिल्याच वर्षी पेठेच्या खांबाला आपटून त्याचं डावं इंजिन अधू झालं. दुरुस्तीची किंमत बघून ह्यांनी कपाळाला हात लावला. मग काय, उजवीकडं जरा ओढ देऊन चालवायला लागले. नऊ वर्षं ते जहाज आकाशातून तिरकं चाललं.

आता ते आपोआप कसं चाललं ते सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी कंपनीनं जहाजांना एक सोय दिली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आपले खेळाडू तिला 'हात' म्हणतात. जहाज तुम्हाला बघत राहतं. कुठं वेग सोडता, वळताना किती अंग टाकता, रांगेत घुसता की थांबता, घाबरलात की काय करता. अशा लाखो बारीक गोष्टींवरून ते तुमच्यासारखं चालवायला शिकतं. चार-पाचशे खेपा झाल्या की म्हणायचं हात बसला, आणि मग तुम्ही झोपलात तरी जहाज तुमच्याच पद्धतीनं चालत राहतं. हात त्या जहाजाचाच असतो, दुसऱ्यावर हलवता येत नाही, कारण तो त्याच इंजिनांवर, त्याच वजनावर बसलेला असतो. त्याची प्रत काढून देत नाहीत. जहाज भंगारात गेलं की हात गेला.

तर त्या दिवसापासून मी धोटा बघायला लागले. माझं पिको-फॉलचं दुकान आहे, मशीनशेजारी टॅब उभा करायची. साडीची कड शिवता शिवता बघायची, ह्यांचं जहाज तिरकं तिरकं चाललंय. गुडघा दुखायला लागल्यावर हे असेच चालायचे, एका अंगावर. पेठेच्या दारात आलं की थांबायचं. नवशिक्यांची बारकी बारकी जहाजं धडपडत असायची, ती सगळी आत जाईपर्यंत धोटा बाजूला उभा. ह्यांनी स्कूटरवर सुद्धा आयुष्यभर हेच केलं, चौकात उभं राहून सगळ्या गावाला पुढं जाऊ दिलं आणि आम्ही प्रत्येक लग्नाला अक्षता पडल्यावर पोचलो. मी हसायची आणि माझ्या सुईखालची साडी वाकडी जायची. दोन वर्षं अशी गेली. सुखाचीच म्हणायची.

मग गेल्या ऑक्टोबरात नोटीस आली. जुन्या जहाजांच्या भेगांचं गणित कंपनीला जड व्हायला लागलं होतं. मार्चअखेर ज्या जहाजाची तब्येत शंभरात चाळीसच्या खाली असेल, ते भंगारात जमा. धोटा एकतीसवर होता.

मी पहिला फोन केला मालेगावला, रशीदभाईंना. नक्षत्रपेठेत त्यांचा दुरुस्तीचा धक्का आहे. ते पण जुने जॉबर, मालेगावच्या मागांवरचे. ह्यांची त्यांची प्रत्यक्ष गाठ कधी पडली नाही, पण नऊ वर्षं धोटा धक्क्याला लावून दोघं तास तास मागांच्या गोष्टी बोलायचे.

"भाभी, घाबरू नका," रशीदभाई म्हणाले. "मी इकडं-तिकडं पट्ट्या मारून बेचाळीसवर नेऊन ठेवतो. शिवाभाईंच्या जहाजाला मी काही घेणार नाही. पुढच्या वर्षी परत मारू. चालेल की."

ते 'चालेल की' ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"नाही," मी म्हणलं. "पूर्ण दुरुस्ती करायची. डावं इंजिन सुद्धा. शंभरात शंभर."

"पूर्ण? भाभी, ते माझ्या धक्क्यावर होत नाही, कंपनीच्या कारखान्यात होतं. किंमत माहितीय ना? चार नवी जहाजं येतील. जितकं लागतं तितकंच करावं, बाकी..."

"आयुष्यभर तेच ऐकलं मी, रशीदभाई. एकदा तरी त्यांची एक वस्तू मला धड करू द्या."

त्यांनी विषय सोडून दिला. बाईमाणसापुढं किती बोलायचं, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना.

तेवढी नाणी विकत घ्यायची ऐपत नव्हती, मग ती खेळूनच मिळवायची. मी एक स्वस्तातलं नवं कोरं जहाज घेतलं आणि बर्फ वाहायला लागले. सूत नाही, बर्फच, नफ्याचा. ते जहाज बोटानं रेघ ओढली की सरळ जाऊन सरळ यायचं, त्यात चालवणं असं काही नव्हतंच. पाच महिने! दुकानात गिऱ्हाईक उभं, मी शनीच्या कड्यात. गॅसवर आमटी, मी शनीच्या कड्यात. शेजारच्या वहिनी म्हणायला लागल्या, भारतीताईंना म्हातारपणी नाद लागला. असू दे म्हणलं.

सानिकाला मात्र ते फार लागलं. तिनं पुण्यात घर घेतलं, वास्तुशांत ठेवली. मी गेले की, नाही कशी जाईन? पण सत्यनारायणाची कथा चालू आणि मी पदराआड टॅब धरून बसलेली. तिसऱ्या अध्यायात साधुवाण्याची नौका आली आणि इकडं माझं जहाज उल्कांच्या वाटेत अडकलं. मी जोरात म्हणलं, "अगं बाई, गेलं!" भटजी थांबले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

सानिकानं मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं.

"आई, पप्पा त्या जहाजात नाहीत."

"मला ठाऊक आहे."

"नाही ठाऊक तुला. मी फोन केला की तू हं-हं करतेस. माझं घर नीट बघितलंस तरी का तू? भिंतींचा रंग सांग कुठला आहे."

मला सांगता आला नाही. ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पण खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात होतं की अजून तीन आठवडे, मग सगळं नीट होईल.

मार्चच्या वीस तारखेला नाणी पुरी झाली. मी धोटा कंपनीच्या कारखान्यात घातला. पडद्यावर विचारलं, 'कामचलाऊ की पूर्ण?' मी 'पूर्ण'वर बोट ठेवलं. दोन दिवसांनी बाहेर आला. काय देखणा दिसत होता! पत्र्यावर एक ओरखडा नाही, दोन्ही इंजिनं एकसारखी निळी. तब्येत शंभर. मी टॅब देवापुढं ठेवून त्याला हळदीकुंकू वाहिलं, हसायचं तर हसा. मग सूत भरलं आणि म्हणलं, निघा.

धोटा निघाला आणि गर्रकन उजवीकडं फिरला. मला कळेना. परत सरळ झाला, परत उजवीकडं ओढला गेला. भेलकांडत, कसाबसा सावरत चाललेला. मी घाबरून रशीदभाईंना फोन लावला. ते आपलं जहाज घेऊन आले आणि बराच वेळ धोट्याच्या बाजूनं चालवत राहिले.

"भाभी," ते म्हणाले, "हाताला अजून वाटतंय की डावं इंजिन कमजोर आहे. शिवाभाई ओढ द्यायचे तशी तो ओढ देतोय. आता इंजिन धडधाकट झालंय, म्हणून फिरतोय."

"मग?"

"मग तो शिकेल. मशीनच आहे. दहा-बारा खेपांत सरळ चालायला लागेल."

"मग बरं झालं की."

"तसं नाही ते," रशीदभाई चाचरले.

"सांगा की हो!"

"भाभी, हात म्हणजे वेगवेगळे कप्पे नसतात. ओढ एका कप्प्यात, थांबणं दुसऱ्या कप्प्यात, असं नाही. सगळं एकात एक विणलेलं असतं. कापडातला एक धागा ओढला तर सगळं आकसतं ना, तसं. सरळ चालायला शिकता शिकता तो बाकीचं पण विसरणार. मला हे आधी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल आणि तरी हवंय."

मला ठाऊक नव्हतं. मी मशीनवर डोकं टेकलं. पाच महिने घासून, लेकीला रडवून, चार जहाजांची किंमत मोजून मीच माझ्या हातानं ह्यांना पुसायला दिलं होतं. ज्या खोडीपायी मी जन्मभर भांडले, तीच खोड म्हणजे हे होते. पंखा ढोसणारे, तार बांधणारे, अधू इंजिनाला सांभाळून घेणारे. तेवढंच त्या जहाजात उरलं होतं, आणि तेच मी दुरुस्त करून टाकलं.

सानिकाला फोन केला. वाटलं होतं, म्हणेल, बघ मी सांगत होते. पण ती एवढंच म्हणाली, "येते मी." दुपारच्या गाडीनं आली. आल्या आल्या तिनं कंपनीला लिहिलं, आमचा हात आहे तसा गोठवून द्या, शिकणं बंद करा. गोड भाषेत उत्तर आलं : शिकणं थांबलेलं जहाज इतरांना धडकू शकतं, सबब तशी सोय नाही.

"परत मोडूया मग!" सानिका म्हणाली. "डावं इंजिन आपटू कुठंतरी. रशीदकाका, मोडायला काय लागतंय?"

"बेटा, मोडायला काही लागत नाही," फोनवरून रशीदभाई म्हणाले. "पण तीच मोड कशी आणायची? नऊ वर्षांत एकेक भेग पडलीय. दुसरी कुठली खोट घातली तर हात त्या नव्या खोटीला शिकायला लागेल, म्हणजे परत तेच."

एकच रस्ता उरला होता. धोटा धक्क्याला बांधून ठेवायचा. चालला नाही तर शिकणार नाही, शिकला नाही तर विसरणार नाही. तब्येत शंभर, त्यामुळं भंगारातही जाणार नाही. हात आत तसाच राहील, कायमचा.

"बांधून ठेव, आई," सानिका म्हणाली. आता हट्टाला ती पेटली होती. "निदान आहेत एवढं तरी वाटेल."

मी दोन दिवस विचार केला. सारखा मला तो शेडसमोरचा कट्टा दिसायचा. डबा उघडून बसलेले हे, आणि समोर कुलूप.

"नाही गं," मी तिला म्हणलं. "तेरा महिने बघितलंय मी त्यांना बसलेलं. परत नाही बसवणार. चालू दे. जेवढ्या खेपा आहेत तेवढ्या होऊ देत."

"आणि मग?"

"मगचं मग बघू."

ती उठून आत गेली, आणि तासाभरानं चहा घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. "पहिली खेप माझी," म्हणाली.

असं ठरलं की अकरा खेपा धरायच्या, आणि ज्याला ज्याला ह्यांच्याबरोबर बसायचंय त्यानं यायचं.

सानिकाच्या खेपेला आम्ही पडदा मोठा लावला. तिनं कधी धोटा चालताना धड बघितलाच नव्हता, रागापायी. जहाज उजवीकडं ओढ देत, सावरत, आठव्या पेठेच्या दारात पोचलं आणि बाजूला थांबलं. एक बारकं जहाज आत गेलं. दुसरं गेलं. तिसरं आडवं झालं, परत सरळ झालं, मग गेलं. धोटा उभाच. आणि सानिका एकदम ओरडली, "पप्पा, चला की आता!" शाळेला उशीर व्हायचा तेव्हा स्कूटरवर मागं बसून ओरडायची तशीच. मग माझ्याकडं बघून तिला रडूही आलं आणि हसूही.

मल्लाप्पा आला, ह्यांच्याबरोबर शेडवर मागांना तेल घालणारा ऑइलमन होता तो. त्याला खेळातलं काही कळत नव्हतं. टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. "ह्यात शिवा कुठं हाय?" म्हणाला. मी म्हणलं, बघत रहा. थोड्या वेळानं तो गदागदा हसायला लागला. "आयला, वहिनी, असंच हो! रिकाम्या हातानं सुद्धा कधी सरळ चाललंच नाही हे बेनं!" जाताना पडद्याला हात लावून नमस्कार करून गेला.

रशीदभाईंनी आपलं जहाज धोट्याला जोडीनं लावून एक खेप केली. माल उतरल्यावर म्हणाले, "अच्छा, जॉबर," आणि फोन ठेवला.

बाकीच्या खेपा माझ्या. मला ओढ कमी होताना दिसत होती. पाचवीला अर्धी राहिली. सातवीला दारात थांबला, पण एकच जहाज आत सोडलं. नवव्या खेपेला ह्यांच्यासारखं काय राहिलं ते मला शोधावं लागलं. मी भांडून घेतलं त्यांच्याशी त्या दिवसांत, सगळं बोलून घेतलं. तुमची तार बांधलेला कुकर मी फेकला, म्हणलं, तुम्ही गेल्यावर आठच दिवसांत, आणि आता पस्तावतेय. तुमच्यावर माझा फार जीव होता, आणि तो मी नुसता करवादून दाखवला. जिवंतपणी असलं कोण बोलतं आपल्यात? टॅबसमोर बोलले.

अकराव्या खेपेला सानिका परत आली होती. धोटा निघाला तो सुतासारखा सरळ. वळणं बिनचूक. आठव्या पेठेच्या दारात एक बारकं जहाज अडखळत होतं. धोटा वेग न सोडता त्याच्या बाजूनं आत घुसला, ते बिचारं मागं रेटलं गेलं. पडद्यावर आलं, 'उत्तम वेळ! चार मिनिटं वाचली.'

"संपलं," मी म्हणलं. सानिकानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं होतं मी कोसळेन. वाईट वाटलंच, फार वाटलं. पण ह्या वेळेला मी शेजारी होते. दवाखान्यात हे गेले तेव्हा नव्हते, मी खाली औषधं आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर सानिका परत पुण्याला निघायच्या गडबडीत होती. मी टॅब घेतला आणि 'हात' बंद केला. पडद्यावर सुकाणू आलं. दोन वर्षं मी हे जहाज नुसतं बघितलं होतं, त्याला बोट कधी लावलं नव्हतं.

"काय करतेस?" सानिका म्हणाली.

"शिकव मला. सुकाणू कुठून फिरवायचं?"

ती बॅग ठेवून शेजारी बसली. इथं दाब, इथं सोड, आई हळू, अगं हळू! मी धक्क्यावरून निघाले आणि सरळ जाऊन पेठेच्या खांबावर धडकले. दणकन आवाज झाला. नवा कोरा पत्रा पुढून डावीकडं चेपला. सानिकानं तोंडावर हात ठेवला. आणि खाली ओळी उमटल्या : 'नवीन चालक ओळखला. शिकणे सुरू. दुरुस्ती आवश्यक : कामचलाऊ की पूर्ण?' खाली किंमत.

"बाप रे!" सानिका म्हणाली. "एका पोच्याचे एवढे? आई, करायचीय का?"

मी तो पोचा मोठा करून बघितला. चांगला खोल होता, डाव्या अंगाला.

"असू दे," मी म्हणलं. "माझ्या हातचा आहे." आणि जहाज मागं घेतलं.